विश्लेषण : पुढची गाडी उलटली, मागची थांबणार का? महाड-पोलादपूरच्या दरडी आणि एका कँटोनीज म्हणीचा धडा

हाँगकाँग आणि दक्षिण चीनमध्ये बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेत एक चार अक्षरी म्हण आहे : ‘छिन छे हो गाम’. पुढची गाडी उलटलेली दिसली, तर मागच्या गाडीवानाने त्यावरून धडा घ्यावा, असा तिचा भाव. आपल्याकडे ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे म्हणतात. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत गेल्या वीस वर्षांत पुढच्या गाड्या एकदा नव्हे, अनेकदा उलटल्या. २००५ च्या दरडी, २०१६ चा सावित्री पूल, २०२१ चे तळीये. खाडीपट्ट्यातल्या तुडीलसारख्या गावांना या घटना वर्तमानपत्रात वाचून कळलेल्या नाहीत. त्या त्यांच्याच तालुक्यात घडल्या. मग मागचे शहाणे झाले का? कुठे झाले, कुठे नाही आणि का नाही, याचा हा आढावा.

ही म्हण नेमकी काय सांगते?

म्हणीतले पहिले दोन शब्द ‘पुढची गाडी’ असे आहेत, तर शेवटचा शब्द ‘गाम’ म्हणजे आरसा. जुन्या चीनमध्ये आरसे काशाचे असत. पुढच्याच्या अपयशात स्वतःचे तोंड पाहा, असा त्याचा अर्थ. ही कल्पना दोन हजारांहून अधिक वर्षे जुनी आहे. इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकात हान घराण्याच्या सम्राट वेनच्या दरबारात जिया यी नावाचा तरुण मुत्सद्दी होता. त्याच्या आधीच्या चिन घराण्याने सारा चीन एका छत्राखाली आणला, पण अवघ्या पंधरा वर्षांत ते राज्य कोसळले. जिया यीने सम्राटाला सांगितले ते थोडक्यात असे : त्या राज्याच्या चाकांच्या खुणा अजून रस्त्यावर दिसत आहेत. आपण त्याच खुणांवरून गेलो, तर आपणही तिथेच उलटू.

मराठीत या चाकांच्या खुणांना ‘चाकोरी’ म्हणतात. बैलगाडीचे चाक एकदा चाकोरीत पडले की गाडीवानाला फारसे काही करावे लागत नाही, गाडी आपोआप पुढे जाते. चाकोरी सोडायची असेल तर मात्र जोर लावावा लागतो.

मराठी आणि कँटोनीज म्हणींत एक बारीक फरक आहे. आपली म्हण मागचा शहाणा होतोच, असे गृहीत धरते. कँटोनीज म्हणीतला ‘हो’ हा शब्द ‘घेता येईल’ एवढेच सांगतो. आरसा समोर आहे, पाहायचे की नाही ते तुमच्यावर. महाडचा अनुभव या दुसऱ्या अर्थाच्या अधिक जवळ जातो. आपल्याकडेही ‘ये रे माझ्या मागल्या’ हा वाक्प्रचार आहेच.

महाड-पोलादपूरमध्ये काय काय घडले?

२५ आणि २६ जुलै २००५ : मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला म्हणून देशाला ही तारीख आठवते. त्याच पावसात महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर डोंगर खचून आले. दीडशेहून अधिक माणसे गेली. महाड शहर पाण्याखाली होते, रस्ते तुटले होते, फोन बंद होते. त्यामुळे गावांवर काय ओढवले हे बाहेर कळायलाच वेळ लागला.

२ ऑगस्ट २०१६ : मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल रात्री पुरात कोसळला. १९२८ साली बांधलेल्या या पुलाबरोबर एसटीच्या दोन बसगाड्या आणि एक खासगी वाहन नदीत गेले. सुमारे ४० जणांचा जीव गेला. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य असल्याचे सांगण्यात आले होते.

२४ ऑगस्ट २०२० : महाड शहरात काजळपुरा भागातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ जणांचा मृत्यू झाला. ही इमारत जुनी नव्हती, दहा वर्षांचीही नव्हती.

२२ जुलै २०२१ : महाड तालुक्यातील तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर दुपारनंतर डोंगर कोसळला. ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळून जीव गेले. सावित्रीचा उगम ज्या महाबळेश्वरला होतो, तिथे त्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ते पाणी पोलादपूरमार्गे महाडमध्ये उतरले आणि शहर बुडाले. २००५ प्रमाणेच रस्ते बंद, संपर्क बंद. तळीयेला मोठी मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला.

२००५ आणि २०२१ च्या नोंदी शेजारी ठेवल्या तर महिना तोच, नदी तीच, डोंगर तेच, आणि मदत उशिरा पोहोचण्याचे कारणही तेच. यालाच चाकोरी म्हणायचे.

दरड का कोसळते?

सह्याद्रीचा हा भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. वरचा पाषाण ऊन-पावसाने झिजून त्याचा मुरूम होतो, मुरमावर मातीचा थर बसतो. पावसाचे पाणी माती-मुरमातून खाली झिरपते, पण खालच्या अखंड कातळात शिरू शकत नाही. मग ते कातळ आणि मुरूम यांच्या सांध्यातून वाहू लागते. वरचा थर पाण्याने जड होतो आणि खालची पकड सुटते. उतार तीव्र असेल, तर एका क्षणी सगळा थर घसरतो. झाडे, बांध, घरे त्याच्याबरोबर येतात.

म्हणून एका दिवसाच्या मुसळधार पावसापेक्षा चार-पाच दिवसांच्या झडीनंतर आलेला मुसळधार पाऊस जास्त घातक ठरतो. माती आधीच पाणी पिऊन बसलेली असते.

यात माणसाचा हातही असतो. रस्त्यासाठी किंवा घरासाठी डोंगराचा पायथा उभा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. नैसर्गिक ओहोळ बुजवला की पाणी नवी वाट शोधते. झाडे तोडली की मुळांची पकड जाते. पण सगळा दोष माणसाला देऊनही भागत नाही. काही दरडी जंगल असलेल्या उतारांवरही कोसळतात. अनेक वाड्या उतारावरच्या ज्या थोड्याशा सपाट जागेवर वसल्या, ती सपाटी कधीकाळी वरून घसरून आलेल्या मातीचीच असू शकते. तिथे पाणी मिळते, शेती होते, म्हणूनच पूर्वजांनी ती निवडली. जागा जुनी म्हणजे सुरक्षित, असे नसते.

धडा कुठे शिकला गेला?

काही ठिकाणी नक्कीच शिकला गेला. सावित्रीवरचा नवा पूल १८० दिवसांत बांधण्याचे आश्वासन केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी दिले होते. तो १६५ दिवसांत पूर्ण झाला आणि ५ जून २०१७ रोजी खुला झाला. २०२१ च्या पुरानंतर पावसाळ्याच्या तोंडावर एनडीआरएफचे पथक महाडमध्येच आणून ठेवण्याची पद्धत पडली. आधी हे पथक दुरून यायचे, आणि ते निघेपर्यंत महामार्गच पाण्याखाली गेलेला असायचा. सावित्रीच्या पात्रातील गाळ आणि बेटे काढण्याचे कामही त्यानंतर हाती घेण्यात आले. दासगावजवळच्या कोकण रेल्वेच्या भरावामुळे पाणी तुंबते, ही महाडकरांची जुनी तक्रारही त्यानंतर नव्याने चर्चेत आली.

धोकादायक गावांची यादी हा दुसरा बदल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या पाहणीवरून रायगड जिल्ह्यात शंभराहून अधिक दरडप्रवण गावे निश्चित झाली. त्यांत महाड आणि पोलादपूरचा वाटा मोठा आहे.

मग कुठे चुकते?

पहिली अडचण यादीचीच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. यादीतले गाव सावध होते आणि यादीबाहेरचे निर्धास्त राहते, असा उलटा परिणाम यातून होऊ शकतो. यादी म्हणजे आधी उलटलेल्या गाड्यांची नोंद. पुढची गाडी कुठे उलटेल, याची हमी ती देत नाही.

दुसरी अडचण नोटिशीची. पावसाळ्याआधी डोंगराखालच्या घरांना स्थलांतराच्या नोटिसा जातात. कागद पोहोचतो, सही होते. पण जायचे कुठे, गुरे कुठे बांधायची, भाताची लावणी कोणी करायची, मागे घराकडे कोण पाहणार, याची उत्तरे त्या कागदावर नसतात. खाडीपट्ट्यातल्या अनेक घरांतली कर्ती माणसे मुंबईला. घरी म्हातारा-म्हातारी. रात्री अकराला मुसळधार पावसात ‘शाळेत चला’ म्हणणे सोपे, त्यांना चालवत नेणे अवघड.

तिसरी अडचण फुकट गेलेल्या इशाऱ्यांची. दोनदा घर सोडून शाळेत जाऊन झोपावे, आणि दोन्ही वेळा काहीच होऊ नये. तिसऱ्यांदा माणूस जागचा हलत नाही. लांडगा आला रे आला, या गोष्टीतला मुलगा खोटे बोलत होता. इथे हवामान खाते खोटे बोलत नाही. दरड कोसळण्याची शक्यता आणि दरड कोसळणे यांत नेहमीच अंतर राहणार. दहा वेळा बाहेर पडून नऊ वेळा काही झाले नाही, तर ते नऊ वेळा वाया गेले नाहीत, तो दहाव्याचा हप्ता होता, एवढे समजून घ्यावे लागते.

चौथी अडचण पुनर्वसनाच्या वेळेची. २००५ मध्ये घर गमावलेल्या दासगावातील काही कुटुंबांना अनेक वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये काढावी लागली. तळीयेतील दरडग्रस्तांनीही कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत पावसाळ्यामागून पावसाळे काढले. धोक्याच्या जागेवरून उठलेल्याचे असे हाल शेजारच्या वाडीला दिसतात. मग ती वाडी उठत नाही. तिच्यापुरता तिने धडा घेतलेलाच असतो, पण भलताच.

ज्यांनी ही म्हण वापरात ठेवली, त्यांनी काय केले?

म्हण ज्या भाषेतली, त्या हाँगकाँगचीच गोष्ट इथे उपयोगी पडते. हाँगकाँगही डोंगर आणि समुद्र यांच्या फटीत वसलेले. १८ जून १९७२ रोजी अनेक दिवसांच्या पावसानंतर तिथे दोन मोठ्या दरडी कोसळल्या. साउ माउ पिंग या कामगार वस्तीत ७१ आणि पो शान रोड या सधन वस्तीत ६७ माणसे गेली. चौकशी झाली, अहवाल आला. चार वर्षांनी, २५ ऑगस्ट १९७६ रोजी, त्याच साउ माउ पिंगमध्ये पुन्हा उतार खचला आणि १८ जणांचा बळी गेला. भराव नीट दाबून न बसवल्याचे चौकशीत दिसले. थोडक्यात, त्यांनाही पहिल्या ठेचेने शहाणपण आले नव्हते.

दुसऱ्या ठेचेनंतर मात्र १९७७ मध्ये फक्त उतारांकडे पाहणारे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले. भूअभियांत्रिकीच्या तज्ज्ञांनी नकाशा मंजूर केल्याशिवाय डोंगर कापता येईना. शहरातील सुमारे ६० हजार मानवनिर्मित उतारांची नोंद झाली. प्रत्येक उताराला क्रमांक मिळाला आणि तो पाटीवर लावण्यात आला. त्यामुळे एखाद्या उताराची देखभाल कोणाकडे, सरकारकडे की खासगी मालकाकडे, हे क्रमांकावरून कोणालाही शोधता येते. शंभराहून अधिक स्वयंचलित पर्जन्यमापकांच्या नोंदींवर दरडीचा वेगळा इशारा दिला जातो. पाऊस तिथे कमी झाला नाही, पण दरडींतले मृत्यू फार कमी झाले.

हाँगकाँगचा पैसा आपल्याकडे नाही, हे खरे. सह्याद्रीचा प्रत्येक उतार सिमेंटने बांधता येणार नाही आणि बांधूही नये. पण पाटीला काय लागते? ‘हा उतार कोणाच्या जबाबदारीचा’ हे लिहून ठेवायला पैशापेक्षा ठरवण्याची गरज जास्त आहे. रस्त्याच्या कडेचा कापलेला डोंगर सार्वजनिक बांधकामचा, महामार्गाचा की ग्रामपंचायतीचा, हा वाद आपल्याकडे दरड कोसळल्यानंतर सुरू होतो.

आपल्या देशातही उदाहरण आहे. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन हे तसेच मोठे वादळ आले, तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवण्यात आले होते. मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. वारा तोच होता, पण या वेळी मागच्या गाडीने चाकोरी सोडली होती.

उलट बाजूही आहे. पुणे जिल्ह्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले, १५१ जणांचा मृत्यू झाला. गाव नाहीसे झाल्याचे आधी लक्षात आले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटी चालकाच्या. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, केरळच्या वायनाडमध्ये दरड कोसळून अडीचशेहून अधिक जण गेले. पुलांचेही तेच. सावित्रीनंतर राज्यातील जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. तरी १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा धोकादायक ठरवलेला लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला.

गावाने काय ओळखावे?

दरड बहुतेक वेळा अगदी न सांगता येत नाही. तज्ज्ञ सांगतात त्या खुणा अशा :

– घराच्या वरच्या बाजूला, बांधावर किंवा डोंगरावर जमिनीला नवी भेग पडणे, जुनी भेग रुंदावणे.
– आधी नव्हता तिथे पाण्याचा उमाळा फुटणे, किंवा नेहमीचा झरा एकाएकी आटणे.
– ओढ्याचे पाणी अचानक गढूळ होणे. पाऊस चालू असताना ओढ्याचे पाणी कमी होणे हे तर फारच वाईट लक्षण. वर कुठेतरी मातीने पाणी अडवलेले असू शकते.
– सरळ उभी झाडे, विजेचे खांब, कुंपण कलणे.
– दारे-खिडक्या एकाएकी घट्ट होणे, भिंतीला तिरकी चीर जाणे.
– डोंगरातून घरघर किंवा दगड आपटल्यासारखा आवाज येणे.

यातली एकही खूण मुसळधार पावसात दिसली, तर सामान बांधत बसू नये. घसरणीच्या वाटेतून बाजूला, म्हणजे उताराच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे. ओढ्याच्या काठाने खाली धावू नये, कारण चिखल-दगडांचा लोंढा त्याच वाटेने येतो. वरून थोडीशी माती येऊन थांबली, तर ‘आले ते आले’ असे समजू नये. पहिली घसरण लहान आणि दुसरी मोठी, असे होऊ शकते.

हातातल्या फोनचा उपयोग काय?

हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ माहीत असावा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘सचेत’ अॅपवर आपल्या भागाचे इशारे मिळतात. मदतीसाठी ११२, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि राज्य नियंत्रण कक्षासाठी १०७० हे क्रमांक आहेत.

पण २००५ आणि २०२१ या दोन्ही वेळा सर्वांत आधी फोनच बंद पडले. म्हणून फोन चालू असतानाच निर्णय घ्यायला हवा. शिवाय जिल्ह्याचा आकडा आपल्या वाडीचा आकडा नसतो. कोकणात एका डोंगराआड पाऊस दुप्पट असू शकतो. सरळ कडांचे, सपाट बुडाचे भांडे उघड्यावर ठेवून त्यातले पाणी पट्टीने मोजले, तरी वाडीचा पाऊस मिलिमीटरमध्ये कळतो. शाळेतली मुलेही हे काम करू शकतात.

ग्रामसभेने जूनआधी तीन गोष्टी कागदावर ठरवाव्यात. किती पाऊस झाला की कोणती घरे रिकामी करायची. कोणत्या म्हाताऱ्या माणसाला कोणी न्यायचे, तेही नावानिशी. आणि गुरे कुठे बांधायची. फोन बंद असेल तर इशारा कसा द्यायचा, देवळाच्या घंटेने की मशिदीच्या भोंग्यावरून, हेही ठरलेले असावे. पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक आणि प्रशिक्षण घेतलेले ‘आपदा मित्र’ यांना ही यादी पाठ असावी. मुंबईतल्या मुलाने गावी फोन करून ‘पाऊस कसा आहे?’ एवढेच विचारू नये. ‘आज रात्री झोपायला कुठे जाणार?’ हेही विचारावे.

सावित्रीच्या पुलाची ही आठवण

२०१६ च्या त्या रात्री पुलाजवळच्या एका गॅरेजमधल्या तरुणाला पूल गेल्याचे दिसले. तो अंधारात, पावसात रस्त्यावर उभा राहिला आणि मागून येणारी वाहने त्याने थांबवली. त्या वाहनांतले लोक पुढे आपापल्या घरी पोहोचले. पुढच्या गाड्या गेल्याच होत्या, त्यांना वाचवणे कोणाच्याही हातात नव्हते. पण मागच्या गाड्या आपोआप थांबल्या नाहीत. कोणीतरी रस्त्यात उभे राहून हात दाखवला आणि गाडी चालवणाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवून ब्रेक लावला, तेव्हा त्या थांबल्या. यंदाच्या पावसाळ्यात प्रत्येक वाडीत असा हात कोण दाखवणार आणि त्यावर बाकीचे थांबणार का, हे मात्र पाऊस सुरू होण्याआधी ठरवायला हवे.